बॉनेटवरची तळहाताएवढी जागा

डोंगरांतल्या सरोवराकाठी, कोपाकाबानाच्या देवळासमोर नव्या गाड्या आशीर्वादासाठी रांगेनं लागल्या, की गाड्यांना चकाकी देणारा फ्रोइलान मालकाकडं पाहत नसे. तो आधी रंगाकडं पाही. बॉनेटवर वाकून, डोळा बारीक करून, उन्हाच्या रेघेत नजर सरकवत नेई. मग पालथ्या बोटांनी रंग चाचपून सांगे, याला काय मानवेल ते. लोक थांबून ऐकत. चौकात त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि त्या शब्दाला तो जागला होता.

मेण दिसायला देखणं, असं तो म्हणे. मेणानं लाल रंग पिकल्या फळासारखा होतो. पण सरोवराकाठचं हे ऊन आभाळाच्या फार जवळचं. दोन सण उलटले नाहीत तोच मेण खाऊन टाकतं. सीलंटचं तसं नाही. बाटलीतला तो दुधाळ लेप फडक्यानं पातळ फिरवला आणि दिवसभर सावलीत वाळू दिला, की तो रंगाला धरून बसतो. उन्हाला दाद देत नाही, पावसाला देत नाही. म्हणून आधी सीलंट, तो वाळला की वर मेणाचा हलका हात. "सीलंट ही कातडी आणि मेण ही सणाची शाल," तो गिऱ्हाइकाला समजावी. "शाल नसली तर चालेल. कातडीवाचून कसं चालेल?"

मात्र एक गोष्ट तो कुणाचंही ऐकून बदलत नसे. नव्या गाडीला आधी आशीर्वाद, मग सीलंट. पाद्री फुलांचा झुपका बादलीत बुडवून गाडीवर पाणी शिंपडतो, ते पाणी उघड्या रंगावर पडलं पाहिजे, तिथंच थांबलं पाहिजे, तिथंच वाळलं पाहिजे. मग घरची माणसं बिअरच्या बाटल्या हलवून बॉनेटवर फेस उडवतात, पाकळ्या टाकतात, रंगीत कागदाच्या टिकल्या उधळतात. ओल्या टिकल्यांचा रंग गाडीला लागतो, बिअरचे डाग चिकटतात. लागू देत. दुसऱ्या दिवशी ते काढायला फ्रोइलान होताच. त्याचं पोट त्यावरच चाललं होतं.

ही रीत त्यानं एकदाच मोडली. रेनेच्या गाडीला.

रेने त्याचा थोरला. सरोवराकाठच्या रस्त्यावर उतारू वाहायला त्यानं लाल गाडी घेतली, तेव्हा फ्रोइलान तिच्याभोवती फिरून फिरून दमला. असा रंग त्याच्या हाताखाली आजवर आला नव्हता. यावर बिअर ओतायची, टिकल्यांचे निळेहिरवे डाग पडू द्यायचे, हे त्याला बघवेना. परक्यांच्या गाड्यांवरचे डाग त्यानं जन्मभर हसत काढले होते; स्वतःच्या पोराच्या गाडीवर एकही पडू द्यायचा नव्हता. आशीर्वादाच्या आदल्या दिवशी अंगणात गाडी घेऊन त्यानं सीलंट चढवला. इतक्या निगुतीनं, की त्याची बायको बासिलिया चुलीजवळून म्हणाली, माझ्या लग्नाच्या घागऱ्याला तरी कधी असा हात लावलास का.

दुसऱ्या दिवशी पाद्रीनं पाणी शिंपडलं. त्याचे मोत्यांसारखे थेंब झाले, बॉनेटवरून घरंगळले आणि चौकाच्या दगडांत गेले. पुन्हा शिंपडलं, पुन्हा गेले. लोक हसले. फुलवाली गेर्त्रुदिस म्हणाली, उस्तादाच्या गाडीला देवाचं पाणीसुद्धा लागत नाही. फ्रोइलानही हसला, खरं तर त्याला थोडा अभिमानच वाटला. बासिलिया तेवढी हसली नाही.

"पाणी थांबलं नाही," ती म्हणाली. एवढंच.

त्याच वर्षी पावसाळ्यात, सरोवर अरुंद होतं तिथल्या उतारावर गारांचा सडा पडला असताना रेनेची गाडी वळणावरून घसरली. गाडीत तो एकटाच होता; तो वाचला नाही. लोक म्हणाले, गारांवर कुणाचंही चाक टिकलं नसतं. पाद्री म्हणाला, देव थेंब मोजत नाही. चौकातलं ते वाक्य बासिलियानं पुन्हा कधीच उच्चारलं नाही, आणि फ्रोइलानला ते रोज ऐकू येत राहिलं.

गाडीचं लोखंड भंगारात गेलं. बॉनेट तेवढं शाबूत होतं. ते त्यानं घरी आणून निलगिरीच्या सावलीत भिंतीला टेकवलं. फडकी धुऊन दोरीवर टाकली, ती तिथंच कडक झाली. चौकात त्याच्या जागी दुसरे लोक बसू लागले.

वर्ष उलटल्यावर धाकटी लेक नोएमी पांढरी गाडी घेऊन दारात आली. भावाचाच रस्ता तिनं धरला होता. तिला बापाच्याच हातचा सीलंट हवा होता, आणि तोही आशीर्वादाच्या आधी. पांढऱ्या रंगात टिकल्यांचे डाग मुरतात हे तिला त्यानंच शिकवलं होतं. बासिलिया उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, या गाडीला कुणी काही लावायचं नाही.

"माय, गारांनी नेलं त्याला," नोएमी म्हणाली. "तातानं नाही."

"मी कुठं म्हटलं?"

"म्हणाली नाहीस. म्हणूनच ताता फडकं उचलत नाही."

फ्रोइलान दोघींच्या मध्ये बसून होता. लेप लावला तर बायको जन्मभर वळणाकडं डोळे लावून बसणार. नाही लावला, तर लेकीसमोर कबूल केल्यासारखं होणार, की आपल्याच हातानं पोरगा गेला. मग तो उठला आणि दोरीवरचं फडकं काढून पाण्यात भिजवू लागला.

त्यानं सगळी गाडी केली. टप, दारं, चाकांवरच्या कमानी. बॉनेटपाशी आल्यावर बासिलियाला हाक मारली, तिचा हात धरून बॉनेटच्या मधोमध ठेवला आणि त्या हाताच्या कडेकडेनं लेप फिरवला. हात उचलला तेव्हा खाली कोरी जागा राहिली होती, तिच्या तळहाताएवढी.

रविवारी चौकात पाद्रीनं पाणी शिंपडलं. सगळीकडून ते घरंगळलं. त्या एवढ्याशा जागेत मात्र पसरलं आणि थांबलं. बासिलिया ते वाळेपर्यंत तिथून हलली नाही. बिअर, पाकळ्या, टिकल्या तिनं कुणाला त्या बाजूला टाकू दिल्या नाहीत.

आज नोएमीची गाडी तुम्हाला त्या रस्त्यावर दिसली, तर बॉनेटवरचा तेवढाच ठिपका उन्हानं विटलेला दिसेल. घासून देऊ का, म्हणून विचारणारे भेटतात. ती नको म्हणते.

त्या रविवारी आशीर्वाद घेऊन तिघं घरी आली तेव्हा पाऊस लागला होता. अंगणात रेनेचं लाल बॉनेट भिजत होतं. वर्ष झालं तरी त्याच्यावर थेंबांचे मोती होत होते आणि एकामागून एक खाली धावत होते. बासिलिया जवळ गेली, खालच्या कडेशी तिनं ओंजळ धरली. ओंजळ भरली, सांडली, पुन्हा भरली.

"काम मात्र तू चांगलं केलं होतंस," मागं न बघता ती म्हणाली.

फ्रोइलान डोळे पुसायला फडकं शोधत राहिला. ते त्याच्या खांद्यावरच होतं.