पाच मिनिटांच्या परब सिस्टर

परब सिस्टर पेशंटच्या खाटेवर कधी बसल्या नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल आणायच्या. फरफटत नाही, उचलून. खाटेपासून हातभर लांब, जरा तिरकं ठेवायच्या आणि उभ्या उभ्याच विचारायच्या, "महेश, मी परब सिस्टर. पाच मिनिटं बसू? नको असेल तर हात हलव." महेश म्हणजे माझा मोठा भाऊ. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. हात हलायचा नाही. मग त्या बसायच्या, गुडघ्यांवर हात ठेवून, गप्प. पाच मिनिटं झाली की उठायच्या. "जाते मी. उद्या एक वाजता येते."

मध्य मुंबईतलं एक मोठं इस्पितळ, तिथला मनोविकारांचा वॉर्ड. इस्पितळाचं नाव लिहिणार नाही. ओळख पटण्यासारखं एक वाक्य छापून मी काय करून ठेवलं, ते पुढे सांगायचंच आहे.

दादाला तिथे आणलं तेव्हा सव्वा महिना तो कोणाशी बोलला नव्हता. कुरियरची नोकरी सुटली. मित्र आले, दारातून परत गेले. चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत मोरीच्या कठड्याला टेकून दिवसभर बसायचा आणि मध्येच कोणावर तरी डोळे वटारायचा. आईला वाटायचं, बाहेरचं काही लागलंय. मला वाटायचं, आळशी झालाय. मी तेव्हा आरोग्य हक्कांचं काम करत होते, गल्लोगल्ली पत्रकं वाटत होते, आणि घरात सख्ख्या भावाला म्हणत होते, "नाटकं बंद कर." हेही लिहिलंच पाहिजे.

परब सिस्टर लालबागच्या. पन्नाशी उलटलेली, बुटकी, आवाज खर्जातला. ड्युटीवर साधं मराठी बोलायच्या. राग आला की मालवणी सुटायची. मला नावाने हाक मारायच्या नाहीत. "काय लीडर, आज कोणाचा मुर्दाबाद?" मी वॉर्डच्या दारात दिसले की हा प्रश्न ठरलेला. मीही ठणकावून सांगायचे, आज कोणाचा ते. त्या हसून औषधांची ट्रॉली पुढे ढकलायच्या.

बाराव्या दिवशी दादा बोलला. सिस्टर उठायच्या बेतात होत्या. तो भिंतीलाच म्हणाला, "दोघं आहेत."

सिस्टर तशाच थांबल्या. "काही करायला सांगतात तुला? स्वतःला, नाहीतर कोणाला इजा करायला?"

"नाही. हसतात. फुकट खातो म्हणतात."

"मला नाही ऐकू येत ते. पण तुला येतं आणि त्रास होतो, हे कळतंय मला. डॉक्टरांना सांगते. पाच मिनिटं झाली, जाते मी. उद्या एक वाजता येते."

आणि गेल्या! मी मागे धावले. "सिस्टर, इतक्या दिवसांनी तोंड उघडलं त्याने, आणि तुम्ही घड्याळ बघता?"

त्या वळल्या. "गप रव गो. ती दोघा त्याका इचारून येतत? सांगून जातत?" मग आवाज खाली आणून साध्या मराठीत म्हणाल्या, "त्याच्याकडे जे येतात ते कधीही येतात, कधीही जातात. एक तरी माणूस विचारून येणारं, सांगून जाणारं हवं ना त्याला? पाच म्हटली की पाचच. आज मी दहा मिनिटं बसले तर उद्या त्याला काय खरं वाटेल?"

मला ते पटलं नाही. पटायला उशीर लागला.

दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन आली. दादा कोपऱ्याकडे बघून कानावर हात दाबत होता. आईने डबा ठेवला, पदर खोचला आणि त्या रिकाम्या कोपऱ्याला सुनावलं, "मेल्यांनो, तुमच्या बापाचं खातो काय रे माझा पोरगा? चालते व्हा!" अख्खा वॉर्ड बघायला लागला. दादा उठून बसला, पांढराफटक. "तुला पण दिसतायत?"

सिस्टर आल्या, आईला बाजूला घेतलं. "आई, तुम्ही त्यांना शिव्या घातल्यात. आता ती खरी झाली की नाही त्याच्यासाठी?"

"मग काय करू? मुकाट ऐकून घेऊ?"

"मला ऐकू येत नाही, असंच सांगा. खोटं बोलतोस, असं नका म्हणू. आणि त्याच्याजवळ बसा. भांडायला नाही, नुसत्या बसा."

आई बसली. बसल्या बसल्या लसूण सोलायला लागली, कारण नुसतं बसणं तिला जन्मात जमलेलं नाही. सिस्टरांनी तेही चालवून घेतलं.

औषधं लागू पडत होती. पण गोळी दादाच्या तोंडात जायची ती सिस्टरांच्या शब्दावर. त्यांनी त्याला गॉजच्या घड्या घालायला दिल्या. आधी एकट्याला. मग शेजारच्या खाटेवरच्या एका आजोबांबरोबर. "एकदम घोळक्यात नाही ढकलायचं. एक माणूस पेलला की दुसरा," त्या म्हणायच्या. दादा आजोबांना घडी कशी घालायची ते दाखवायला लागला. एका शनिवारी त्याने आपणहून विचारलं, "उद्या तुमची सुट्टी ना?" परब सिस्टर "हो रे बाबा" म्हणाल्या आणि लगबगीने औषधांच्या खोलीत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल होतं.

एकदा मी विचारलं, रोज एक वाजताच कशा येता? तर म्हणाल्या, "ती माझी जेवायची सुट्टी. एका पाळीत आम्ही दोघी. इंजेक्शनं, कागद, नातेवाईक, धावपळ. पेशंटपाशी बसायचं काम कोणाच्या यादीतच नाही, म्हणून डब्यातली पाच-पाच मिनिटं काढते."

माझं डोकं सणकलं. का सणकू नये? ज्या वॉर्डात माणसाशी बोलणं हाच अर्धा उपचार, तिथे बोलायला माणूस ठेवत नाहीत, आणि एक बाई स्वतःच्या घासातून ती भरपाई करते! त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळ्याखाली जाड ठशात छापलं: "या वॉर्डातली एक अनुभवी परिचारिका म्हणते, पेशंटपाशी पाच मिनिटं बसायला मला माझी जेवायची सुट्टी वापरावी लागते." नाव घातलं नाही. हा माझा शहाणपणा. पाच मिनिटं म्हटलं की त्या इस्पितळात एकच बाई डोळ्यांसमोर यायची, शिपायांच्यासुद्धा. आम्ही फाटकावर गठ्ठेच्या गठ्ठे वाटले. घोषणा दिल्या. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांची बदली झाली. दुसऱ्या इस्पितळात, डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात, लगेच हजर व्हा. वॉर्डात जाऊन एका पेशंटला सांगून येते म्हणाल्या, सोडलं नाही. मनोविकाराच्या वॉर्डात अख्खी नोकरी घालवलेली बाई, आणि तिला डोळ्यांत थेंब टाकायला बसवलं. सह्या करणाऱ्या साहेबाला मी आजही माफ केलेलं नाही. पण त्याच्या हातात कागद मी दिला होता.

दादा एक वाजता उठून बसला होता. सव्वा झाला. दीड झाला. स्टूल कोपऱ्यातच. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यांनी सांगितलं नव्हतं." मग भिंतीकडे वळला. त्या दिवशी जेवला नाही. गोळी थुंकली.

रविवारी भेटीच्या वेळेला त्या आल्या. घरची साडी, हातात पिशवी, नातेवाइकांच्या रांगेत उभ्या. वॉचमन ओशाळला. "सिस्टर, तुम्ही कशाला लाईनीत?"

"आज ड्युटी नाय रे. भेटूक इलंय."

स्टूल उचलून आणलं. विचारलं. हात हलला नाही. बसल्या. "महेश, माझी बदली झाली. त्या दिवशी सांगायला यायचं होतं, जमलं नाही. तुझं काही चुकलेलं नाही. आता मी येणार नाही." पाठ तशीच. पाच मिनिटं होताच त्या उठल्या. "जाते मी." पुढचं वाक्य त्यांना म्हणता आलं नाही.

जिन्यात मी सांगितलं, पत्रक माझं होतं.

"माहीत आहे. भाषा तुझीच. खोटं काही लिहिलं नाहीस, लीडर. मला विचारलं नाहीस, एवढंच." आणि कठडा धरून सावकाश उतरल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. मी कधी चौकशी केली नव्हती.

वर्षाने मी त्यांना शोधत त्या डोळ्यांच्या विभागात गेले. बाकावर म्हाताऱ्यांची रांग, सिस्टर एकेकाची मान मागे करून थेंब टाकत होत्या. "जरा झोंबेल हं. टाकू?" मला बघून हसल्या. मुर्दाबाद विचारला नाही. "महेश?"

तोंडात 'बरा आहे' आलं होतं. गिळलं. घरी आहे म्हटलं. गोळ्या घेतो. आईजवळ बसतो. दिवसाला चार-पाच शब्द बोलतो, कधी तेही नाही. नव्या सिस्टर चांगल्या होत्या, पण त्यांनी स्टूल आणलं की तो डोक्यावरून चादर घ्यायचा.

त्यांनी थेंबांची बाटली बंद केली. पुन्हा उघडली. "तुम्ही विचारत होतात असं सांगते त्याला," मी म्हटलं.

"नको गो," त्या म्हणाल्या. "त्याला वाटेल, मी येणार आहे."

मी सांगितलेलं नाही.