आनंदीबाई आणि बटणं खाणारी गोगलगाय

आनंदीबाई सोनकांबळे मूळच्या उदगीरजवळच्या एका खेड्यातल्या. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन भाईंदरला आल्यावर, उत्तनच्या किनाऱ्यावर. तेव्हा वय तेवीस. नवरा महिपत मोठ्या हौसेनं दाखवायला घेऊन गेला होता. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही?"

पुढची वीस वर्षं त्या भाईंदर पूर्वेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. रक्त, लघवी, शौच, सगळ्या तपासण्या करायच्या. पण लॅबमधली नवी पोरं शौचाचे नमुने बघायला नाकं मुरडायची, म्हणून ते काम कायमचं बाईंकडे आलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. काचपट्टीवर आयोडिनचा थेंब टाकायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि जंतांची अंडी शोधायची. "अंडं सापडलं की पेशंट सुटला," त्या म्हणायच्या. "चार महिने पोट दुखतंय, पाच डॉक्टर झालेत, आणि आपल्याला दोन मिनिटांत कारण दिसतं. कंटाळा कशाचा?"

सकाळी घरोघर जाऊन रक्त घेण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. त्यातच २००६ साली मीरा रोडच्या शांतीनगरात त्यांना दिघेसाहेब भेटले. काशीनाथ दिघे जहाजावर इंजिनियर होते, निवृत्त झालेले. शुगर वाढलेली, महिन्यातून एकदा तपासणी. पहिल्याच दिवशी सुई टोचता टोचता बाईंची नजर भिंतीकडे गेली आणि तिथेच अडकली. चार फुटी काचेची टाकी. आत निळसर उजेड, दोन नारंगी पट्ट्यांचे मासे, आणि मधोमध एका दगडावर शेकडो फुलं उमललेली. प्रत्येक फूल शर्टाच्या बटणाएवढं. कडेनं हिरवी झालर, मध्ये केशरी ठिपका.

"ही कागदाची आहेत का हो?"

"कागदाची?" दिघेसाहेब हसले. "जिवंत आहेत. प्रवाळांची भावकी. आम्ही बटणं म्हणतो. बोट लावू नका मात्र, अंगात विष असतं त्यांच्या."

त्या दिवसापासून बाई दिघ्यांचं घर शेवटचं ठेवू लागल्या. रक्त घेऊन झालं की दहा मिनिटं टाकीसमोर. दिघेसाहेबांच्या पत्नी नीलिमाताई चहा आणत आणि म्हणत, "घ्या, यांना ऐकणारं माणूस मिळालं. माझे कान तरी सुटले." वर्षभरानं साहेबांनी स्वतःहून एक मुठीएवढा दगड बाईंना दिला. त्यावर एकतीस बटणं होती. बाईंनी मोजली होती.

बाईंच्या घरी दोन फुटी टाकी आली, दोन लहान मासेही आले. पाण्याची सोय गोदूबाईनं केली. गोदूबाई लॅबमध्ये झाडपूस करायची, राहायची उत्तनजवळच्या चौक गावात, आणि तिच्या नवऱ्याची होडी होती. किनाऱ्याचं पाणी गढूळ, म्हणून तो आत खोल समुद्रातून दोन कॅन भरून आणायचा आणि गोदूबाई ते रिक्षात घालून पोचवायची. महिपतनं पहिला कॅन वर चढवला तेव्हा धापा टाकत तो म्हणाला, "गावाकडे प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागे धावलो. आता खारं पाणी जिन्यानं वर चढवतोय. आईला सांगू नकोस." पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बूट न काढता टाकीपुढे उभा राहायचा तो तोच.

आठ महिने सगळं छान चाललं. मग बटणं मिटायला लागली.

आधी कोपऱ्यातली तीन. दुसऱ्या आठवड्यात सात. उजेड असूनही उघडेनात, आणि मग जागेवरून नाहीशीच झाली. बाईंनी पाणी बदललं, दिव्याची उंची बदलली. दिघेसाहेबांना फोन केला.

"पाणी बिघडलं असणार," साहेब म्हणाले. "होडीतल्या पाण्याचा काय भरवसा?"

गोदूबाईला हे कळलं तेव्हा ती भडकली. "माझ्या पान्याला नाव ठेवतंय? त्या पान्यात पापलेट जगतंय, त्याची बटनं न्हाय जगायची?"

बाईंना मात्र वेगळाच संशय होता. मासे ठणठणीत होते. पाणी वाईट असतं तर त्यांनीही मान टाकली असती. एकेका रांगेतली बटणं क्रमानं जात होती, जणू कुणी पंगतीला बसून खात होतं. त्यांनी हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मा लावला, दगड उचलून खालून बघितला. एका बटणाच्या देठाजवळ पांढरं, शेवयांच्या वेटोळ्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. त्यांनी ते चिमट्यानं अलगद काढलं, लॅबच्या बाटलीत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांची परवानगी काढून मायक्रोस्कोपखाली धरलं.

अंडी. रांगेनं, एकाला एक लागून, शेकडो. काही अंड्यांच्या आत काहीतरी गरगर फिरत होतं.

मागून डॉक्टर आले. "कुणाचं सॅम्पल?"

"माझ्या घरच्या दगडाचं, सर."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "सोनकांबळे, पेशंट सुटला म्हणायचा का मग?"

सुटला नव्हता. अंडी होती, पण घालणारी आई कुठे? मुलगी तेजश्री कॉलेजजवळच्या सायबर कॅफेतून कागद छापून घेऊन आली. त्यात होतं: ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय. फक्त बटणं खाते, आणि जी खाते त्यांचाच रंग अंगावर घेते. पाठीवर झालरीही तशाच. म्हणून समोर असून दिसत नाही. उपाय म्हणजे दगड बाहेर काढायचा आणि टाकीतल्याच पाण्यात आयोडिन घालून त्यात दहा मिनिटं बुडवायचा.

कोणतं आयोडिन, ते वाचून बाई मोठ्यानं हसल्या. जंतांची अंडी बघायला वीस वर्षं जे वापरलं, तेच. लॅबच्या टेबलावर त्यांच्या उजव्या हाताला रोज असणारी तपकिरी बाटली.

तरीही पहिल्या वेळी चूक झालीच. नुसत्या अंदाजानं थेंब टाकले, आणि टाकले ते जास्त. पाणी कोऱ्या चहासारखं काळं झालं. तीन गोगलगाई गळून पडल्या खऱ्या, पण पाच चांगली बटणंही गेली. "रोज दुसऱ्यांना सांगते, माप पाळा," बाई महिपतला म्हणाल्या, "आणि स्वतःच्या घरी डोळे मिटून ओतलं." पुढच्या वेळी त्यांनी सिरिंजनं मोजून घेतलं. औषधानं अंडी मरत नाहीत हेही त्यांनी पाहिलं; ती सुईच्या टोकानं एक एक खरवडून काढावी लागतात, आणि राहिलेली फुटून पिल्लं बाहेर येतात म्हणून दर रविवारी पुन्हा बुडवावं लागतं. दुसऱ्या रविवारी सहा पिल्लं निघाली, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. उरलेली अकरा बटणं एका सकाळी टचटचीत उघडली.

आता खरा अवघड भाग होता. ही कीड फक्त बटणांवर जगते, आणि बटणं आली होती ती फक्त त्या दगडावरून. म्हणजे कीड दिघेसाहेबांच्या घरूनच आली होती. हे सांगायचं कसं?

बाईंनी सरळ सांगितलं. रक्त घेऊन झाल्यावर.

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "नऊ वर्षं टाकी सांभाळतोय मी, सोनकांबळेबाई. माझ्या टाकीत कीड? तुमच्या होडीवाल्याला विचारा."

निघताना बाईंना दिसलं, मोठ्या दगडाची डावी बाजू ओकीबोकी झाली होती. साहेबांचीच परवानगी मागून त्यांनी तिथली चिमूटभर खरवड घेतली. साहेब म्हणाले, "घ्या, घ्या, काय सापडतंय बघू."

दोन दिवसांनी शुगरच्या रिपोर्टबरोबर दिघ्यांच्या घरी आणखी एक कागद पोचला. तसाच टाइप केलेला, फक्त वर लॅबचं नाव नव्हतं. पेशंटचं नाव: मोठा दगड. वय: नऊ वर्षे. नमुना: देठाजवळची खरवड. अंडी: आढळली, भरपूर. सल्ला: उपचार ताबडतोब सुरू करावेत. खाली आनंदीबाईंची सही.

नीलिमाताईंनी नंतर सांगितलं की साहेबांनी तो कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, आणि म्हणाले, "रिपोर्टशी कसं भांडणार?" त्याच संध्याकाळी फोन आला.

"बाई, रविवारी येता का? जेवायलाच या सगळे. आणि त्या होडीवाल्या बाईंनाही आणा. मला त्यांची माफी मागायचीय."

रविवारी सकाळी दिघ्यांच्या स्वयंपाकघरात बादल्या, तसराळी, पराती यांची रांग लागली. नीलिमाताईंनी आधीच बजावलं, "माझ्या इडलीपात्राला हात लावायचा नाही." मोठा दगड साहेबांनी स्वतःच उचलला. जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं तेव्हाही आपण इतके घाबरलो नव्हतो, असं ते म्हणाले. महिपतनं दुसऱ्या बाजूनं आधार दिला. बाईंनी सिरिंजनं थेंब मोजले आणि घड्याळ लावलं.

दहा मिनिटांनी दगड हलवला. परातीत चार गोगलगाई पडल्या.

"झालं?" साहेबांनी आशेनं विचारलं.

गोदूबाई आतापर्यंत दारात उभी होती. साहेबांनी मघाशी हात जोडून माफी मागितल्यापासून ती जरा अवघडली होती. ती पुढे आली, पदर खोचला, हातमोजे घातले आणि दगडावर वाकली. जन्मभर ढिगातून कोळंबी निवडलेले डोळे. "आनंदीबाय, ह्यो बघ. ह्यो फूल न्हाय, ह्यो चालतंय." चिमटा. "आनि ह्यो." चिमटा. "ह्याची तं पोरं बी हायत संगती."

दुपारपर्यंत स्टीलच्या ताटलीत त्रेचाळीस गोगलगाई जमल्या. त्यातल्या एकोणतीस एकट्या गोदूबाईनं काढलेल्या. अंडी खरवडायचं काम बाईंनी केलं. साहेब शेजारी स्टुलावर बसून टॉर्च धरत होते आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "कमाल आहे. नऊ वर्षं बघतोय, मला एक दिसली नाही." मग सगळे एकत्र जेवायला बसले. नीलिमाताईंनी पुरणपोळी केली होती, गोदूबाईनं डब्यातून सुकटीची चटणी आणली होती, आणि साहेबांनी शुगरचं नाव न काढता दोन पोळ्या खाल्ल्या. बाईंनी बघितलं आणि त्या दिवसापुरतं काही न बघितल्यासारखं केलं.

पाच रविवार असेच गेले. सहाव्या रविवारी ताटली रिकामी राहिली. दगडाची ओकीबोकी बाजू भरायला मात्र पुढचा पावसाळा उजाडला.

दिवाळीनंतर मुंबई-ठाण्याकडचे टाकीवाले हौशी लोक काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात जमले. वीस-पंचवीस जण, बहुतेक कॉम्प्युटरवाले तरुण. साहेबांनी बाईंना बोलायला उभं केलं. हातात माइक घ्यायची सवय नव्हती, म्हणून बाईंनी तो खाली ठेवला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं मोठ्यानं, सावकाश सांगितलं. नवा दगड आला की महिनाभर वेगळ्या बरणीत ठेवा. अंडं दिसलं तर लाजू नका. औषध मोजून घ्या. मी मोजलं नाही आणि माझी पाच बटणं मेली.

एका मुलानं हात वर केला. "मॅडम, आप मरीन बायोलॉजिस्ट हो क्या?"

"नहीं," बाई म्हणाल्या, "मैं स्टूल टेस्ट करती हूँ."

क्षणभर कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग साहेबांनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

पुढच्या रविवारी नऊ वाजता सोनकांबळ्यांच्या दाराची बेल वाजली. बाहेर प्लास्टिकच्या डब्यांत दगड घेऊन तिघे जण उभे. एक वसईहून आला होता. महिपत बनियनवर होता. त्यानं तिघांकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, आत जाऊन तीन खुर्च्या आणल्या आणि जिन्यातच मांडल्या.

"नंबरानं बसा," तो म्हणाला. "बाई चहा पितायत. झाला की पहिलं सॅम्पल आत."