हजार फुटांचा बांध

मार्सियालकाकांनी जन्मात एकदाच बांध सरकवला. माझ्या डोळ्यांदेखत सरकवला, आणि मी मेलीनं वर त्यांची चेष्टाच केली.

ग्वातेमालात, आमच्या डोंगरात, ते मोजणीदाराचे दोरवाले होते. तिकडे हद्दीवर इझोते लावतात. टोकदार पात्यांचं झाड, खोड तोडून खोचलं की जगतं. काकांनी लावलेलं इझोते म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सख्ख्या भावानं, सेवेरोनं, शेजाऱ्याच्या रानातली वीतभर जमीन मागितली, तर काकांनी त्यालाही नाही म्हटलं. भाऊ तीस वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

शिकागोत काका माझ्या खाणावळीत भांडी घासायचे. इथं राहायचे कागद नव्हते त्यांच्याकडे. माझ्याकडे आहेत, म्हणून तर माझं तोंड एवढं चालतं. खाणावळ कोर्टाच्याच रस्त्यावर. कोर्टाच्या दारात बिनकागदांची माणसं पकडायला मिग्रावाले, म्हणजे इमिग्रेशनचे पोलीस, बसायला लागले, तसे लोक तारखांना येईनात. मग नियम आला, की जज्जाचं वॉरंट नसेल तर कोर्टापासून हजार फुटांच्या आत कुणाला धरायचं नाही.

"हजार फूट म्हणजे कुठवर गं?" जो तो मलाच विचारायचा. मला काय ठाऊक, कपाळ!

काकांनी रविवारी दोर काढला. कोर्टाच्या भिंतीपासून मोजत निघाले आणि न्हाव्याच्या पायरीपाशी थांबले. तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत इझोते लावून रस्त्याच्या दोन्ही अंगांना ठेवले. डब्यांच्या आत आलात की सुटलात, हे सगळ्या मोहल्ल्याला पाठ झालं.

मिग्रालाही झालं. एकाला आत धरला म्हणून जज्जानं त्यांना झापलं होतं, तेव्हापासून ते डब्यांना लागूनच, पण बाहेर, गाडी लावायचे. बसस्टॉप नेमका तिथंच, डब्यांच्या बाहेर ऐंशी पावलांवर. कोर्टाला दुसरी वाट नाही, आणि गाडीनं आलं तर गाड्याही अडवायचे. मोजून दिलं आम्ही, फावलं त्यांचं.

माझ्या स्वयंपाकघरातली ओतिलिया. नवऱ्यानं तिचा जबडा मोडला होता. त्यानं घराकडे फिरकू नये हा हुकूम संपत आला होता आणि गुरुवारी तारीख होती. ती गेली नाही तर तो परत घरात. "जा की कोर्टात," त्यानं फोनवर सांगितलं होतं, "मिग्रा वाटच बघतेय तुझी." पोरगी मसाला वाटता वाटता रडायची. काका ऐकत राहायचे, हातातली थाळी तशीच.

गुरुवारी उजाडता उजाडता मी शटर उघडते तर काका डबा उचलून स्टॉपच्या पलीकडे निघालेले.

"काय काका, म्हातारपणी बांध कोरायला लागलात?"

ते हसले नाहीत. "एकच दिवस," म्हणाले. तो ठेवून दुसऱ्या डब्यासाठी परत आले.

आठला मिग्राची गाडी आली. त्यांनी डबे बघितले, एकानं डोकं खाजवलं, आणि गाडी मागं घेतली. ओतिलिया बसमधून उतरली आणि त्यांच्या नाकावर टिच्चून चालत कोर्टात गेली. अकराला आली ती दोन वर्षांचा हुकूम घेऊनच. माझ्या गळ्यात पडली, काकांच्या पाया पडली, आणि मी तिला परतीच्या बसमध्ये बसवलं.

"आता डबे संध्याकाळी हलवा," मी म्हटलं. "पाचला जातील मुडदे."

"निकोलासाबाई, तो बघा."

स्टॉपवर एक माणूस उतरला होता. काखेत फाइल. निवांत सिगारेट ओढत होता, डब्यांच्या आत होता ना! गाडीतल्यांची नजर त्याच्यावरच.

"खोटी हद्द आहे ती," काका म्हणाले. "मी लावलेली. तो माझ्या भरवशावर उभा आहे."

"अहो, लांबूनच हाक मारा त्याला!"

"त्याला हाक मारीन. पुढच्या बसमधल्याला कोण मारेल?"

मी दाताच्या कण्या केल्या, पण ते गेले. त्या माणसाला म्हणाले, "पळ, न्हाव्याच्या पुढं जा." तो पळाला. काकांनी पहिला डबा आणून जागेवर ठेवला आणि दुसऱ्यासाठी परत गेले. तोवर मिग्राच्या डोक्यात उजेड पडला होता. पायरी तीस पावलांवर राहिली असताना गाडी आडवी आली. काकांनी डबा टाकला नाही, खाली नीट ठेवला.

मी शिव्या घालत धावले. काय उपयोग! बेड्या पडल्या होत्या.

"निकोलासाबाई, ओरडू नका," काका म्हणाले. "डबा पायरीच्या डाव्या अंगाला ठेवा. दगडाला चीर आहे तिथं. इंचभरही इकडंतिकडं नको."

ठेवला मी, चीर बघून.

दुपारी गावाकडे सेवेरोला फोन लावला. दुसरं होतं कोण त्यांचं? सगळं सांगितलं.

"मार्सियालनं हद्द सरकवली?" त्यानं विचारलं. "किती?"

"ऐंशी पावलं आणि थोडी वर. एका बाईसाठी."



"मला वीतभर नाही दिली त्यानं," म्हातारा म्हणाला, आणि फोनवरच हंबरडा फोडून रडायला लागला.