खडूच्या रेघा आणि पोरीच्या लग्नाची रजा

देवळालीकडच्या एका लष्करी डेपोत मी गाड्यांच्या सुट्या भागांचं स्टोअर सांभाळायचो. शाळा चौथीतच सुटलेली. पण कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकमागं आहे, ते माझ्याशिवाय कुणाला सापडायचं नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही. मी रजेवर गेलो की स्टोअर ठप्प. एकदा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत होतो, तर मला न्यायला दारात जीप हजर! सगळ्या गावानं पाहिलं. माणसाला आणखी काय पाहिजे?

बाहेर मैदानात मात्र ट्रक खोळंबलेले असायचे. कुणाला इंजिनाचा पट्टा हवा, कुणाला रबर. ड्रायव्हर लोक लिंबाखाली पत्ते कुटायचे. सरकारी काम म्हटलं की थांबणं आलंच, असं मी धरून चाललो होतो.

दोन हजार सालानंतर एक नवे साहेब आले. रागावणं नाही, भाषण नाही. खडू घेऊन दिवसभर माझ्यामागं फिरले आणि मी जाईन तिथं फरशीवर रेघ ओढत राहिले.

मी म्हटलं, "साहेब, ये क्या पोरखेळ है?"

ते नुसते हसले. संध्याकाळी मला दाराशी उभं करून म्हणाले, "दादा, ये आपका आज का चलना है."

फरशी पांढरी झाली होती. कोळ्याचं जाळं परवडलं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत तर रेघांवर रेघा, कारण रोज लागणारे पट्टे मी सगळ्यात मागं ठेवले होते. आलेला माल रिकाम्या जागेत टाकायचा, हीच आमची रीत. इतकी वर्षं मी हे चाललो आणि मला दिसलं नाही! पण तोंडानं म्हटलं, "चलनेसे तब्येत अच्छी रहती है."

मग साहेबांनी रोजचं सामान दाराशी आणलं, कधीमधी लागणारं मागं नेलं. प्रत्येक वस्तूच्या दोन पेट्या केल्या. एक संपली की तिची पाटी खुंटीला लावायची. पाटी दिसली की नवीन माल मागवायचा, तोवर दुसरी पेटी चालते. एवढंच. वर प्रत्येक फळीवर वस्तूचं चित्र. ते पाहून मी भडकलो.

"बालवाडी बना दी! अब मेरा क्या काम?"

"बेटी की शादी है ना? पूरी छुट्टी लीजिए."

लग्न सटाण्याला होतं. माझ्या जागेवर बसवला मेसमधला भांडीवाला, ज्याला फक्त डाळी ओळखू येत. मी मनात म्हटलं, दुसऱ्या दिवशी जीप येते का नाही बघा. मांडवाशेजारच्या दुकानात फोन होता, त्या दुकानदारालाही सांगून ठेवलं. हळदीला बसलो तरी कान रस्त्याकडं.

बायको म्हणाली, "अहो, नवरदेवाची वाट बघताय का जीपची?"

मेहुण्याला तेवढंच हवं होतं. "दाजी, तुमच्यावाचून लष्कर बंद पडलं वाटतं!"

पोर सासरी निघाली, तरी कुणी आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं सगळंच काही पोरीसाठी नव्हतं.

रजा संपवून डेपोत आलो, तर मैदान मोकळं. मला वाटलं, अख्खी पलटणच हलली.

आत भांडीवाला हसत उभा. "मामा, आलात! लाडू कुठंय?"

"गाड्या कुठं गेल्या?"

"कुठं म्हंजे? कामाला!"

मी क्वचित लागणारं एक गॅस्केट मागितलं. त्यानं चित्रांवरून नजर फिरवली आणि आणून हातावर ठेवलं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं. तेच होतं.

तेवढ्यात एक जुना ड्रायव्हर आला. पूर्वी हाच लिंबाखाली दिवसदिवस घोरायचा. पट्टा घेतला आणि वळला.

"बस की, चहा सांगतो," मी म्हणालो.

"थांबू कशाला मामा? पट्टा चढवला की गाडी तयार हाय!"

थोड्याच वेळात त्याचा ट्रक फाटकाबाहेर पडला. मी दारातच उभा राहिलो. लिंबाखाली कुणी नव्हतं. ते मैदान एवढं मोठं आहे, हे मला तेव्हाच कळलं.