समोरची खुर्ची

त्या बाईंकडे मी एकदाच गेले. अंधेरीत, तळमजल्यावरच्या घरात. टॅरोचे पत्ते बघणारी म्हटल्यावर मेणबत्त्या, माळा असलं काहीतरी असेल असं वाटलं होतं. या चष्मा कपाळावर चढवून मटार सोलत बसल्या होत्या. मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तयार माल तपासला होता. पत्तेही तसेच धरत होत्या, कडेने, दोन बोटांत.

"पुढचं मी सांगत नाही हां," त्या म्हणाल्या. "मोडलंय काय ते बोला."

लग्न मोडलं होतं. त्यांनी सगळे पत्ते चित्रं वर करून मांडले. "यातले मिस्टर कुठले?"

मी लगेच बोट ठेवलं. बर्फात कंदील घेऊन एकटाच उभा असलेला म्हातारा. घरात असून नसलेला.

"आता समोरच्या खुर्चीत बसा. तुम्ही मिस्टर. बायको म्हणून त्यांनी कुठला पत्ता उचलला असता?"

"हे कशाला?"

"पीस रिजेक्ट झाला की आम्ही दोन्ही बाजूंनी बघायचो."

त्या खुर्चीत बसून मी दोनदा पाणी मागितलं. बाई घाई न करता मटार सोलत राहिल्या. शेवटी मी पत्ता उचलला. ताठ बसलेली न्यायदेवता. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात उभी तलवार.

बाईंनी दोन्ही पत्ते समोरासमोर ठेवले.

आणि सात वर्षं मी त्याला एकच विचारत होते, तू बोलत का नाहीस?