आक्कांनी नावं ठेवावीत म्हणून

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आक्का माझ्या आमटीला ‘छान झालीया’ म्हणाल्या, आणि मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. राहायला मंद्रूपला, पण तिथून त्यांना माझ्या सोलापुरातल्या स्वयंपाकघरातलं सगळं दिसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे एकतीस वर्षं, त्यांनी माझ्या हातचं नावं न ठेवता काही खाल्लेलं नाही. भाकरी जाड, आमटी पातळ, चहा गोड, बोलणं कडू. एकदा मी त्यांना नुसतं पाणी दिलं, तर म्हणाल्या, “लई गार केलंयस.” सुरुवातीला मी रडायचे, मग भांडायला लागले. पुढं पुढं तर त्या काय बोलतील हे ओळखून उत्तर आधीच तयार ठेवायचे. मी शाळामास्तरीण होते, गरीब गाय नव्हते.

तर या आक्का तापानं पडल्या आणि आम्ही त्यांना घरी घेऊन आलो. ताप गेला, पण जेवण काही परत आलं नाही. दोन घास घ्यायचे, की ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, “मागतील ते खायला घाला. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल.” मागतील कसलं! त्या काही मागतही नव्हत्या आणि कशाला नावंही ठेवत नव्हत्या. पुढं येईल त्याला छान म्हणायचं आणि भिंतीकडं तोंड करून पडायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक वाट्याला आलं, ते असं. ही बाई आता आपल्या हातून जाते, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मग मी मुद्दाम बिघडवायला लागले. पिठलं खारट केलं. “छान झालंया.” मऊभात करपवला. “बरा लागतोय की.” शेवटी मनाचा हिय्या केला आणि शेंगाच्या चटणीत चांगली दोन चमचे साखर घातली. सोलापुरात असलं कुणी करत नाही, आणि केलंच तर सांगत नाही. आमच्या ह्यांनी चटणी चाखली आणि मी कुणाचा तरी खून केल्यासारखं माझ्याकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, “चांगली हाय.” हे उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ डोळे पुसत उभे राहिले.

त्याच दुपारी मी पुण्याला लेकीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, एवढ्या उन्हात काहीतरी गार, हलकं दे आत्याला. टोमॅटोचं सॅलड कर.” कृती म्हणजे टोमॅटोच्या जाड चकत्या, मीठ, लिंबू, कच्चं तेल आणि वरून ताजी सुवासिक पानं. “आणि हे बघ, दाण्याचं कूट घालायचं नाही. फोडणी नाही. साखर तर अजिबात नाही.”

“मग मी करायचं काय त्यात?”

“काही करायचं नाही. त्यालाच सॅलड म्हणतात.”

मला ते पटलं नव्हतं, पण ही वाद घालायची वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार करून आले आणि कामाला लागले. तेल करडईचं काढलं, आपण भाकरीवर घेतो तेच. घोडं अडलं पानांपाशी. कोथिंबिरीनं घरी येईपर्यंतच माना टाकल्या होत्या. पुदिना मिळाला नव्हता. गॅलरीत तुळस होती, पण तिला हात लावला असता तर ह्यांनी मला दिवाळीपर्यंत ऐकवलं असतं. ह्यांनीच मग मोबाईलवर शोधाशोध सुरू केली. परदेशातली माणसं सॅलडमध्ये कसला कसला पाला घालतात, ते फोटो बघत मोठ्यानं वाचून दाखवत होते. मधेच थांबले आणि म्हणाले, “अगं, हा तर आपला मरवा!”

मी मोबाईल हिसकावून घेतला. मरवाच होता तो, गजऱ्यातला! आणि गजरा तर फ्रिजमध्येच होता. संध्याकाळी शेजारी चैत्रातलं हळदीकुंकू होतं, म्हणून सकाळीच नवी पेठेतून मोगऱ्या-मरव्याचा जाडजूड गजरा आणला होता. तो ओट्यावर ठेवून त्यातल्या मरव्याच्या काड्या मी एकेक करून उपसल्या. गजऱ्याला पार टक्कल पडलं. पानं तीनदा धुतली आणि चुरगळून टोमॅटोवर टाकली.

पहिला चमचा ह्यांना दिला. हे डोळे मिटून चावत राहिले.

“कसं लागतंय?”

“अंबाडा खाल्ल्यासारखं.”

“कुणाचा?”

“तसं सांगता येणार नाही.”

मग मी चाखलं. खोटं कशाला बोलू, लग्नात पुढच्या खुर्चीवर बसलेल्या बाईच्या वेणीत तोंड घातल्यासारखं वाटलं. पण दुसरं काही केलेलंच नव्हतं, म्हणून वाटी घेऊन आक्कांच्या खोलीत गेले.

आक्कांनी न बघताच एक चकती उचलली. तोंडापाशी नेली आणि हात तिथंच थांबला. त्यांनी वास घेतला. परत घेतला. मग कुणाचाही आधार न घेता उठून बसल्या.

“ह्यात मरुग घातलास व्हय?” मरव्याला त्या कानडी वळणानं मरुगच म्हणतात.

“हो, आक्का.”

“कोशिंबिरीत?”

“हो.”

“अगं, मरुग येणीत माळत्यात! तोंडात घालतंय व्हय कुनी? इतकी वर्सं शाळंत पोरीस्नी हेच शिकवलंस काय?” असं म्हणून ती चकती त्यांनी तोंडात टाकली. “आनि केवड्या ह्या चकत्या! बैलाला घालतीयास काय?” दुसरी टाकली. “तेल नुसतं वरनं वतलंयस. फोडनी कुटं हाय?” तिसरी गेली. “कालची चटनी बी गोड होती. मी काय बोलले न्हाय. म्हटलं, उन्हानं हिचं डोस्कं फिरलंय, जाऊ दे.”

हे दारात येऊन उभे राहिले होते. एरवी मला यावर दहा उत्तरं सुचली असती. त्या दिवशी मी वेड्यासारखी नुसती मान हलवत होते.

“मान काय हलवतीयास? दान्याचं कूट कुटं हाय?”

“यात घालत नाहीत, आक्का.”

“कोन घालत न्हाय? जा, आन जा.”

मी स्वयंपाकघरात पळाले. कुटाचा डबा काढला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडले. त्या बाईच्या बोलण्यानं मी आजवर पुष्कळदा रडले होते, पण रडून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. हात ओले झाले होते, डब्याचं झाकण काही निघेना.

आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला, “अगं ए! कूट आनायला रेल्वेनं पुन्याला गेलीस की काय?”