पराट्यांचा धूर

ती बाई दम्यावर आणि फुफ्फुसांच्या आजारांवर संशोधन करायची. मागच्या हिवाळ्यात भुसावळ रस्त्यावरच्या माझ्या भरीत केंद्रावर आली. मी नाव विचारलं नाही. श्वास मोजून नेते आणि औषध देत नाही, अशा डॉक्टरवर माझा राग आहे, आजही आहे.

माझी बायको कापसाच्या वाळक्या पराट्या पेटवून वांगी भाजते. त्या धुराच्या चवीवरच मी धंदा उभा केला. बाईनं बायकोच्या तोंडात यंत्राची नळी दिली आणि "फुंका, अजून फुंका" म्हणताना स्वतःचेच गाल फुगवले. आकडे बघून तिनं विचारलं, "बिडी ओढता का?"

"मी कोठे बिडी पेस, बाई?" बायको म्हणाली.

"धूर बिडीचा असो की पराट्यांचा, ताई, फुफ्फुस जातंच. गेलेलं परत येत नाही. भट्टी आजच सोडा."

मी भडकलो. "गॅसवरचं भरीत खाईल कोण? एवढा हिवाळा जाऊ द्या."

"भाऊ, घासाघीस माझ्याशी कशाला? श्वास यांचा आहे, यांना विचारा."

मी बायकोकडं वळलो. ती बोलायला गेली, पण दम पुरेना. तेवढ्यात बाहेरून गिऱ्हाईक भरितासाठी ओरडलं. बायको भिंत धरून उठली. बाई दारात आडवी उभी राहिली, तर बायकोनं तिलाच हातानं बाजूला सारलं आणि भट्टीकडं गेली.